धाकट्या मुलीच्या नावानं

घर विकलं की किल्ली नव्या मालकाकडे जाते. पण ज्या घराचा आराखडा आधीच गावभर वाटलेला आहे, त्याचं काय? संगणकाच्या जगात २००९ मध्ये हा प्रश्न खरोखरच उभा राहिला.

मायकेल विडेनियस हा फिनलंडचा प्रोग्रामर. लोक त्याला मॉन्टी म्हणतात. १९९५ मध्ये त्यानं दोघा साथीदारांसह स्वीडनमध्ये 'मायएसक्यूएल' सुरू केलं. माहितीच्या नोंदी नीट लावून ठेवायच्या आणि मागताच काढून द्यायच्या, हे त्याचं काम. यातलं 'माय' हे त्याच्या थोरल्या मुलीचं नाव. आपण बहुतेक जण इंग्रजीतलं 'माझं' समजून फसतो!

२००० मध्ये हे सॉफ्टवेअर जीपीएल परवान्याखाली आलं. वापरा, बदला, वाटा. मात्र बदललेलं वाटलंत तर त्याचा सोर्स कोडही याच अटींवर द्या, असा हा परवाना. मूळ कंपनीकडे मात्र एक जादा हक्क राहतो. कॉपीराइट तिचा असल्यानं, ज्यांना स्वतःचा कोड उघड करायचा नाही अशा ग्राहकांना ती पैसे घेऊन वेगळा परवाना देऊ शकते. कमाई इथंच होती.

२००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सनं ही कंपनी सुमारे १ अब्ज डॉलरना घेतली. पुढच्याच वर्षी सनलाच घ्यायला ओरॅकल निघाली. ओरॅकलचा तर मुख्य धंदाच डेटाबेस विकण्याचा! मॉन्टीनं युरोपीय आयोगाकडे धाव घेतली. आधीच्या विक्रीचे पैसे त्यालाही मिळाले होते, हे टीकाकारांनी सुनावलंच, आणि ते खोटं नव्हतं. नव्या आवृत्त्याही जीपीएलखाली देऊ, असं ओरॅकलनं जाहीर केलं आणि जानेवारी २०१० मध्ये आयोगानं मंजुरी दिली.

वाटलेला कोड मात्र कोणालाच परत घेता येत नव्हता. तोच उचलून मॉन्टीनं २००९ मध्ये नवी शाखा काढली होती. पण थोरल्या मुलीचं नाव आता दुसऱ्याच्या ट्रेडमार्कमध्ये अडकलेलं. मग धाकटीचं दिलं: मारियाडीबी. वेगळा परवाना विकण्याचा जादा हक्कही सौद्याबरोबर गेला होता. कोड मिळाला, जुनी कमाई नाही.

२०१३ मध्ये विकिपीडिया मारियाडीबीवर गेला. २०२४ मध्ये मारियाडीबीची कंपनीही के-वन या गुंतवणूक कंपनीनं विकत घेतली. तिच्या सर्व्हरच्या कोडवर परवाना जीपीएलचाच आहे.