पाण्याचा नकाशा वॉलमनच्या डोक्यात

मराठवाड्यातल्या जुन्या शहरांत पाण्याचा नकाशा कागदावर कमी आणि वॉलमनच्या डोक्यात जास्त असतो. कोणत्या मोहल्ल्याचा वॉल किती आटे फिरवायचा, चढावरच्या घरात पाणी किती वेळाने चढतं, मशिदीमागची जुनी बिडाची लाइन पुढे कुठे वळते, हे त्याला पाठ असतं. तो निवृत्त झाला की शहराचा अर्धा नकाशा त्याच्यासोबत घरी जातो. मग रस्ता खोदताना पाइप फुटतो आणि घागरी घेऊन बाया रांगेत उभ्या राहतात.

परभणीला पाणी पूर्णेचं. राहाटीचा बंधारा, वर येलदरी धरण. 2011 साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली. राज्यात तोपर्यंत पालिकांमध्ये संगणक आले होते. कल्याण-डोंबिवलीने 2002 च्या सुमारास नागरी सुविधा केंद्र उभं केलं आणि पुढे तोच नमुना शासनाने इतर पालिकांसाठी घेतला. जन्मदाखला, घरपट्टी, पाणीपट्टी संगणकावर आली. हे काम मोठंच होतं. पण संगणक खिडकीपाशी थांबला. जमिनीखालच्या पाइपापर्यंत तो फारसा गेलाच नाही.

आपल्याकडे जमिनीखालच्या पाण्याचा इतिहास तसा जुना आहे. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर, गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी, त्याने सतराव्या शतकात खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला, नहर-ए-अंबरी आणली. पंप नाही, वीज नाही. सगळं काम उताराचं. उतार थोडा चुकला तरी पाणी जागीच थांबणार. नहरीला आपण अंबरचं नाव देतो, ते योग्यच. पण तो उतार मोजणारे कारागीर कोण होते, हे आपण कधी विचारतही नाही.

नळाच्या जाळ्यात हिशोब आणखी अवघड होतो. पाणी एका चौकात दोन-तीन वाटांनी येतं, मग कुठल्या वाटेने किती? 1936 साली हार्डी क्रॉस या अमेरिकन अभियंत्याने यासाठी एक रीत मांडली: आधी अंदाज करायचा, चूक काढायची, दुरुस्त करायची, पुन्हा चूक काढायची. हाताने करायला दिवस जात. आता हेच काम संगणक क्षणात करतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची 'एपानेट' ही प्रणाली 1993 पासून आहे आणि फुकट मिळते. म्हणजे पैसा नाही ही सबब इथे चालत नाही.

कराडजवळच्या मलकापूरने हे करून दाखवलं. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचे अभियंते आणि तिथली छोटी नगरपंचायत एकत्र बसली. पाइपांची लांबी, व्यास, जमिनीची उंची, घरागणिक मागणी संगणकात भरली गेली, जाळं त्यावरून आखलं, मीटर बसवले, आणि चोवीस तास पाणी सुरू झालं. ऐकणाऱ्याला वाटतं, चोवीस तास म्हणजे उधळपट्टी. पण पाणी ठरावीक तासच सोडलं की बाकी वेळ पाइप रिकामा राहतो, फुटक्या जोडातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं, आणि लोकही भीतीपोटी साठवतात व उरलेलं ओततात. मीटर असलेल्या घराला हा हिशोब लवकर कळतो. मलकापूरला पुढे पंतप्रधान पुरस्कारही मिळाला.

मलकापूर लहान आहे, परभणी मोठी, हे खरं. पण मोठ्या शहराचेही विभाग पाडता येतात आणि एका टाकीखालच्या वस्तीपासून सुरुवात करता येते. शिवाय परभणीत कृषी विद्यापीठ आहे, त्यात कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. शेताला पाणी देण्यासाठी उतार आणि प्रवाह शिकवणारे प्राध्यापक गावातच आहेत. पालिकेचा अभियंता, ते प्राध्यापक, लेव्हल घेऊन फिरणारी पोरं, असे एका टेबलावर बसले तर एका टाकीचा नकाशा तयार करणं अवघड नाही.

फक्त त्या टेबलावर वॉलमनलाही खुर्ची हवी. संगणकात भरायचं बरंचसं त्याच्याच तोंडून येणार आहे, आणि त्याच्या निवृत्तीची तारीख पालिकेच्या आस्थापना विभागात आधीच लिहिलेली आहे.