काळ्या रंगाचा पराभव

१९६४ साली इलिनॉय विद्यापीठात बिट्झर, स्लॉटो आणि त्यांचा विद्यार्थी विल्सन यांनी संगणकीय शिक्षणासाठी प्लाझ्मा पडदा घडवला. पुढे त्याचे रंगीत दूरचित्रवाणी संच झाले. त्यातील प्रत्येक ठिपका स्वयंप्रकाशी, म्हणून काळोख गडद दिसे. एलसीडीत पडद्यामागचा दिवा तेवतच राहतो. तिथे काळा रंग राखाडी भासे. मात्र दुकानाच्या झगझगाटात एलसीडीच अधिक उजळ दिसला. किंमत आणि वीज यांचाही हिशेब होताच. ग्राहकाने त्यालाच कौल दिला. गडद काळ्यासाठी नावाजलेले 'कुरो' संच (जपानीत कुरो म्हणजे काळा) बनवणाऱ्या पायोनियरने २००९ मध्ये या व्यवसायातून माघार जाहीर केली. २०१३ मध्ये पॅनासॉनिकनेही प्लाझ्मा थांबवला. मित्रहो, संच पारखायचा तर दिवे मालवून, रात्रीचे दृश्य लावून पारखावा. दुकानातला उजेड घरी येत नाही.