भाड्याच्या खोलीत बिडी-सिगारेट बंद केली तर विम्याचे पैसे वाचतात का?

एमआयडीसीजवळ, कॉलेजजवळ चार खोल्या बांधून भाड्याने देणारे आता गावोगावी आहेत. ‘खोलीत सिगारेट बंद’ केली की विम्याचा हप्ता कमी होतो, असं मोबाईलवर वाचायला मिळतं. ही सवलत मुख्यतः अमेरिकेतली. तिथल्या काही कंपन्या ती देतात, तीही घरमालकाने मागितली तर. तिथल्या सरकारी भाड्याच्या घरांत जुलै २०१८ अखेरपासून घरात आणि इमारतीपासून २५ फुटांपर्यंत सिगारेट ओढायला बंदी आहे. त्यातून वर्षाला सुमारे १५ कोटी ३० लाख डॉलर वाचतील, असा सरकारी अंदाज होता. गंमत म्हणजे त्यात आगीचा वाटा साधारण दहावाच. बाकी पैसा दवाखान्याचा आणि धुराने खराब झालेल्या खोल्यांच्या डागडुजीचा.

आपल्याकडे १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही घराची ठरावीक पॉलिसी आहे. तिच्या अटींत सिगारेटबंदीसाठी वेगळी सूट नाही. त्यामुळे एजंट तसं सांगत असेल तर लेखी मागा.

मग बंदीचा उपयोग काय? उपयोग आहे. विझली म्हणून टाकलेली बिडी गादीत, कापसात, कडब्यात तासन्‌तास धुमसते आणि रात्री पेट घेते. आगीचं नुकसान पॉलिसीत धरलं जातं, दुरुस्तीच्या काळात बुडालेलं भाडंही मिळू शकतं. पण घर भाड्याने दिलं आहे हे कंपनीला कळवलेलं हवं. ते लपवलं तर दावा अडकतो. बांबू, गवत, ताडपत्रीचं छत असेल तर ते ‘कच्चं बांधकाम’ धरतात, म्हणून अर्जात खरं तेच लिहावं.

भाडेकरूंनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. मालकाच्या विम्यात तुमचा टीव्ही, कपडे, कागदपत्रं येत नाहीत. घरातल्या सामानापुरता विमा भाडेकरूला वेगळा काढता येतो. मालकाने इमारतीचा विमा काढला की त्याच्या स्वतःच्या सामानाला मात्र विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत संरक्षण आपोआप मिळतं.

सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला कायद्याने बंदी आहे, २०० रुपयांपर्यंत दंड आहे. पण खासगी खोलीला तो कायदा लागत नाही. म्हणून अट करारातच हवी: ‘खोलीत, जिन्यात व गच्चीवर बिडी, सिगारेट, हुक्का ओढणार नाही.’ महाराष्ट्रात भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, नोंदणीची जबाबदारी मालकाची. ‘ओळखीचा आहे, कशाला कागद’ म्हणणाऱ्यांचीच पुढे पंचाईत होते. ओढणाऱ्यांसाठी अंगणात, कडब्याच्या गंजीपासून लांब, वाळू भरलेला डबा ठेवला तर अट पाळलीही जाते.

आग लागलीच तर सामान हलवण्याआधी फोटो काढा, कंपनीला लगेच कळवा आणि पंचनाम्याची प्रत मागून घ्या.