डोंगराचे पाणी आणि सपाटीचा इतिहास

वऱ्हाडचा इतिहास म्हटला की आम्हा साहित्याच्या विद्यार्थ्यांना प्रथम कापूस आठवतो. मग १८५३ चा निजाम आणि इंग्रज यांचा करार, मग रेल्वे आणि बाजारपेठा. हा सारा सपाटीचा इतिहास होय. नांदगाव पेठेत उभे राहून पाहिले, तरी तो अपुरा ठरतो. येथील औष्णिक वीज प्रकल्पाला पाणी अप्पर वर्धा धरणातून मिळते आणि वर्धा उगम पावते सातपुड्यात, मुलताईजवळ. सिंचनाचे पाणी उद्योगाला द्यावे काय, हा वाद येथे गाजला आणि तो रास्तच होता. मात्र पाणी ज्या डोंगरांतून येते, तेथील माणसांचा विचार त्यात क्वचितच झाला.

याच सातपुड्याची गाविलगड रांग जिल्ह्याच्या उत्तरेला आहे, तोच मेळघाट. आमच्या पुस्तकांत गाविलगड येतो, तो डिसेंबर १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने जिंकला म्हणून. त्या रानातले कोरकू मात्र पुस्तकाबाहेर राहतात. त्यांची भाषा मराठीच्या कुळातली नाही, गोंडीच्याही नाही. ती मुंडा कुळातली, संतालीची नातलग. कोदो, कुटकी, सावा ही त्यांची जुनी धान्ये. जोडीला मोहाची फुले आणि रानातली कंदमुळे. एक पीक गेले तर दुसरे, दोन्ही गेली तर रान, अशी ही व्यवस्था होती. लहरी पावसाशी जुळवून घेण्याचे शास्त्र ते हेच, फक्त त्याला तेव्हा कोणी 'अनुकूलन' म्हणत नव्हते.

इंग्रजी अमलात सागाला मोल आले, रान राखीव झाले आणि फिरत्या शेतीवर बंधने आली. १९७४ मध्ये मेळघाट देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत गेला. पुढे बोरी, कोहा, कुंड ही गावे रानातून उठवून सपाटीवर वसविण्यात आली. वाघ आणि रान वाचावे, याविषयी आमचे दुमत नाही. त्या रानानेच डोंगराचे पाणी धरून ठेवले आहे. परंतु पीक बुडाल्यावर जो आधार होता तोच तुटल्यावर माणसाने कशाच्या बळावर तग धरावा? १९९३ मध्ये बालमृत्यूंमुळे मेळघाटचे नाव राज्यभर झाले, तेव्हा चर्चा आहाराची आणि औषधांची झाली. ती आवश्यकच होती. पण तुटलेल्या आधाराकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

त्या आधाराचा एक धागा पायविहीर येथे पुन्हा जुळला. परतवाड्याकडील डोंगरपायथ्याच्या या गावाला वनहक्क कायद्यानुसार २०१२ मध्ये सुमारे १९३ हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. उजाड टेकडीवर ग्रामसभेने चराईबंदी केली, झाडे लावली, पाणी अडविले. तेथली सीताफळे मुंबईपर्यंत पोहोचली आणि २०१४ मध्ये गावाला जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पायविहीर लहान आहे, आणि व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातील प्रश्न अधिक बिकट आहेत, हे आम्ही विसरत नाही. तरीही एवढे म्हणता येते की, बदलत्या ऋतूंशी जुळवून घेण्याचे शहाणपण डोंगराला बाहेरून पुरविण्याआधी त्याच्याकडून काढून घेतलेला निर्णयाचा हक्क परत करावा लागतो. आणि वऱ्हाडचा इतिहास शिकविताना आम्हांलाही आरंभ कापसाच्या बाजारातून नव्हे, तर पाणी जिथून निघते तिथून करावा लागेल.