अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची आई विक्रोळीत काय करत होती? 'पीस कोअर' आणि परदेशातली दोन वर्षांची स्वयंसेवा समजून घ्या

१९६६ ते १९६८ या काळात विक्रोळीच्या गोदरेज कॉलनीत एक अमेरिकन नर्स राहत होत्या. आल्या तेव्हा वय ६८, नवऱ्याचं निधन झालेलं, चार मुलं आपापल्या संसारात. नाव लिलियन कार्टर. त्यांचा थोरला मुलगा जिमी तेव्हा जॉर्जिया राज्यात भुईमुगाचा व्यवसाय सांभाळून राजकारण करत होता. पुढे १९७७ मध्ये तोच मुलगा अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला.

लिलियन फिरायला आल्या नव्हत्या आणि नोकरीलाही नाही. अमेरिकन सरकारच्या 'पीस कोअर' या संस्थेच्या स्वयंसेविका म्हणून त्या आल्या होत्या.

आज तुमच्या फीडवर 'व्हॉलंटियर करा, राहणं फुकट, जग बघा' अशा रील्स रोज येत असतील. त्यातलं बरंचसं दोन-चार आठवड्यांचं काम असतं आणि अनेकदा त्यासाठी आपल्यालाच पैसे भरावे लागतात. पण परक्या देशात, तिथल्या लोकांच्या वस्तीत, त्यांच्यासारखंच राहून वर्ष-दोन वर्षं काम करायचं, हा वेगळा प्रकार आहे. तो कसा चालतो आणि त्यातून खरंच कुणाचं भलं होतं, हे समजून घ्यायला पीस कोअर हे सगळ्यात चांगलं उदाहरण आहे.

पीस कोअर सुरू कशी झाली?

१४ ऑक्टोबर १९६०. निवडणुकीचा प्रचार करत जॉन केनेडी मिशिगन विद्यापीठात पोहोचले तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. तरी हजारो विद्यार्थी थांबले होते. केनेडींनी ठरलेलं भाषण न करता त्यांना थेट विचारलं, तुमच्यापैकी किती जण डॉक्टर होऊन घानात काही वर्षं काढायला तयार आहेत? विद्यार्थ्यांनी ही गोष्ट मनावर घेतली आणि सह्यांची मोहीमच काढली.

केनेडी निवडून आले आणि १ मार्च १९६१ ला त्यांनी आदेश काढून पीस कोअर स्थापन केली. तिचे पहिले संचालक केनेडींचे मेहुणे सार्जंट श्रायव्हर. त्याच वर्षी ऑगस्टच्या शेवटी पन्नासेक शिक्षकांची पहिली तुकडी घानात उतरली. तेव्हापासून आजवर २ लाख ४० हजारांहून जास्त अमेरिकन लोक १४० हून अधिक देशांत जाऊन आलेत. नेटफ्लिक्सचे सहसंस्थापक रीड हेस्टिंग्ज त्यातलेच एक. ते १९८३ ते १९८५ स्वाझीलंडमध्ये, म्हणजे आताच्या एस्वातिनीत, शाळेत गणित शिकवत होते.

हे सगळं निव्वळ परोपकारासाठी होतं का? तर नाही. तो शीतयुद्धाचा काळ होता. आशिया-आफ्रिकेतले नवे स्वतंत्र देश रशियाच्या बाजूला झुकू नयेत, हा हिशोब त्यात उघड होता.

शिवाय ही कल्पनाही केनेडींची एकट्याची नव्हती. पहिल्या महायुद्धानंतर १९२० मध्ये पिएर सेरेसोल या स्विस शांततावादी माणसाने उद्ध्वस्त झालेलं फ्रेंच गाव पुन्हा उभं करायला वेगवेगळ्या देशांतली माणसं जमवली. त्यातून 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' ही संस्था उभी राहिली. १९३४ च्या भूकंपानंतर सेरेसोल स्वतः बिहारमध्ये आले. याच संस्थेचे स्वयंसेवक पुढे पन्नाशीच्या दशकात बाबा आमटेंच्या आनंदवनात बांधकाम करायला आले होते. ब्रिटनची व्हीएसओ ही संस्थाही १९५८ सालची, म्हणजे पीस कोअरच्या आधीची.

'वस्तीत राहायचं' म्हणजे नेमकं कसं?

पीस कोअरची मुदत साधारण २७ महिन्यांची असते. पहिले तीन महिने प्रशिक्षण आणि मग दोन वर्षं काम.

प्रशिक्षण आता त्याच देशात होतं. गेल्या गेल्या स्वयंसेवकाला एका स्थानिक कुटुंबात ठेवतात. दिवसा भाषेचा वर्ग आणि संध्याकाळी त्या घरात जेवण, गप्पा, भांडी, पाहुणे. नळाला पाणी कधी येतं, मोठ्यांसमोर कसं बसायचं, ताटात किती टाकलं तर चालतं, हे सगळं तिथेच कळतं. (बादलीने आंघोळ करायला शिकणं हा माजी स्वयंसेवकांच्या आठवणींतला ठरलेला किस्सा असतो. आपल्याला हसू येईल, पण त्यांच्यासाठी ते खरंच नवीन असतं.) शेवटी भाषेची तोंडी परीक्षा होते आणि शपथ घेतल्यावरच कामाच्या गावी पाठवतात.

गावात त्यांच्या जोडीला एक स्थानिक माणूस असतो. शाळेतले शिक्षक, आरोग्य सेविका, शेतकरी गटातलं कुणीतरी. काम त्याच्याबरोबर करायचं असतं, त्याला बाजूला सारून नाही. खर्चासाठी मिळणारा भत्ता स्थानिक चलनात आणि त्या भागातल्या राहणीमानाच्या हिशोबाने ठरतो. सुट्टी महिन्याला दोन दिवस जमा होते. स्वतः गाडी चालवायची साधारणपणे परवानगी नसते. त्यामुळे बस, सायकल, नाहीतर पायी.

हे नियम कडक वाटतात. पण एसी गाडीतून उतरून दोन तासांत परत जाणाऱ्या साहेबाला गाव जे सांगत नाही, ते बसच्या रांगेत रोज शेजारी उभं राहणाऱ्याला सांगतं. भाषा पूर्ण यायला, कुणाच्या शब्दाला वजन आहे हे कळायला आणि आपण सोडून जाणार नाही हा भरवसा बसायला पहिलं वर्ष निघून जातं. खरं काम दुसऱ्या वर्षी होतं. म्हणून दोन वर्षं. दोन आठवड्यांत हे होत नाही, आणि माझ्या मते दोन्ही प्रकारांना 'व्हॉलंटियरिंग' हा एकच शब्द वापरणं हीच मोठी दिशाभूल आहे.

सेवा पूर्ण केली की परत जाऊन बस्तान बसवण्यासाठी दहा हजार डॉलरहून थोडी जास्त रक्कम मिळते. मधेच सोडून घरी जाण्याचीही मुभा असते, आणि बरेच जण जातातही.

लिलियन विक्रोळीत काय करत होत्या?

'वयाची अट नाही' अशी पीस कोअरची जाहिरात त्यांनी टीव्हीवर पाहिली आणि अर्ज केला. प्रशिक्षणात त्यांना मराठी शिकवलं गेलं. विक्रोळीत त्यांना आधी कुटुंब नियोजनाच्या कामाला लावण्यात आलं. त्या काळात लोकसंख्या आटोक्यात आणणं हा सरकारचा मोठा कार्यक्रम होता. पण दारोदार जाऊन बायाबापड्यांना नसबंदीसाठी पटवणं लिलियन यांना मानवत नव्हतं. त्या होत्या पक्क्या नर्स. पुढे कॉलनीतल्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम मिळालं, तेव्हा त्यांचा खरा उपयोग सुरू झाला. इंजेक्शनं, ड्रेसिंग, आणि ज्यांना हात लावायला लोक घाबरत अशा कुष्ठरुग्णांची शुश्रूषा.

एकूण २१ महिने त्या भारतात होत्या. सत्तरावा वाढदिवसही इथेच झाला, आणि गंमत म्हणजे त्यांची जन्मतारीख १५ ऑगस्ट. घरी लिहिलेली त्यांची पत्रं १९७७ मध्ये पुस्तकरूपाने आली. पन्नाशीनंतर पीस कोअरमध्ये गेलेल्यांसाठी आज त्यांच्या नावाने पुरस्कारही दिला जातो.

सोशल मीडियावर लिलियन यांचं नाव हरियाणातल्या 'कार्टरपुरी'शी जोडलेलं तुम्ही वाचलं असेल. १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी भेट दिल्यावर त्या गावाचं नाव बदललं, हे खरं आहे. पण लिलियन यांची कामाची जागा विक्रोळी होती.

त्यांच्या अनुभवात एक महत्त्वाची गोष्ट आहे. माणूस तोच, तळमळ तीच. पण न पटणारं काम दिलं तेव्हा त्या अडल्या, आणि स्वतःचं कसब वापरायला मिळालं तेव्हा चालल्या. इथे आलेल्या अनेकांच्या हातात मात्र असं कसब नव्हतं. १९६१ ते १९७६ या काळात चार हजारांहून जास्त अमेरिकन स्वयंसेवक भारतात आले. कुक्कुटपालन, शेती, आरोग्य, शाळा अशी कामं त्यांनी केली. बरेच जण नुकतेच कॉलेजमधून बाहेर पडलेले. इतिहास किंवा साहित्याची पदवी घेतलेला बावीस वर्षांचा मुलगा पिढ्यान्‌पिढ्या शेती करणाऱ्याला काय शिकवणार, हा प्रश्न तेव्हाही विचारला जात होता.

१९७१ च्या युद्धानंतर भारत-अमेरिका संबंध बिघडले, स्वयंसेवकांची संख्या घटत गेली आणि १९७६ मध्ये भारतातलं काम थांबलं. पीस कोअर त्यानंतर भारतात परतलेली नाही.

मग वाद कशावरून झाले?

पहिला वाद संस्था सुरू झाली त्याच वर्षीचा. ऑक्टोबर १९६१ मध्ये नायजेरियातल्या इबादान इथे प्रशिक्षण घेणाऱ्या एका स्वयंसेविकेने मित्राला पोस्टकार्ड लिहिलं. इथले लोक किती मागास परिस्थितीत, कसे रस्त्यावरच सगळं उरकतात, असा मजकूर. ते कार्ड पेटीत पडण्याआधीच हरवलं आणि विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या हाती लागलं. त्याच्या प्रती निघाल्या, मोर्चे निघाले आणि तिला मायदेशी परतावं लागलं. आजच्या भाषेत सांगायचं तर स्क्रीनशॉट व्हायरल झाला. ज्यांच्या घरात राहतो त्यांच्याबद्दल बाहेर काय सांगतो, हा प्रश्न तेव्हापासून आहे. आता कार्डाच्या जागी गरीब मुलांसोबतचा सेल्फी आलाय.

बोलिव्हियातलं प्रकरण जास्त गंभीर होतं. स्थानिक आदिवासी बायकांची त्यांना न सांगता नसबंदी केली जाते, असे आरोप तिथे झाले. त्यावर होर्हे सान्हिनेस यांनी १९६९ मध्ये 'यावार माल्कू' हा चित्रपट काढला. जनमत इतकं तापलं की १९७१ मध्ये पीस कोअरला तो देश सोडावा लागला. २००२ मध्ये रशियाने हेरगिरीचा आरोप करत स्वयंसेवकांचे व्हिसा नाकारले. हा संशय येऊ नये म्हणून सीआयएमध्ये काम केलेल्या व्यक्तीला पीस कोअरमध्ये घेतच नाहीत.

आणि स्वयंसेवकांची स्वतःची सुरक्षितता? २००९ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन देशात एका तरुण स्वयंसेविकेचा खून झाला. पीस कोअरसाठी काम करणारा एक स्थानिक शिक्षक मुलींचं लैंगिक शोषण करतो, अशी तक्रार तिने केली होती. ती तक्रार गुप्त ठेवली गेली नाही, असा आरोप तिच्या कुटुंबाने केला. लैंगिक अत्याचार झालेल्या इतर माजी स्वयंसेविकाही पुढे आल्या, आणि २०११ मध्ये अमेरिकेला स्वयंसेवकांच्या संरक्षणासाठी वेगळा कायदा करावा लागला. वस्तीत एकटं राहणं म्हणजे जिव्हाळा, तसंच संकटात जवळ आपलं कुणी नसणंही. रील्समध्ये ही बाजू दिसत नाही.

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे जगभरातल्या सुमारे सात हजार स्वयंसेवकांना एकाच वेळी माघारी बोलावण्यात आलं. इतिहासात हे पहिल्यांदाच घडलं. गावाला निरोप द्यायलाही अनेकांना वेळ मिळाला नाही. दोन वर्षांनी पुन्हा तुकड्या जायला लागल्या.

भारतीयांना असं जाता येतं का?

पीस कोअरमध्ये नाही. तिथे अमेरिकन नागरिकत्व लागतं. अमेरिकेत वाढलेल्या आणि तिथलं नागरिकत्व असलेल्या मराठी मुलामुलींना मात्र वयाची १८ वर्षं पूर्ण झाल्यावर अर्ज करता येतो.

भारतीय पासपोर्टवर दोन मार्ग मुख्यतः समोर येतात. एक, संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम, म्हणजे यूएनव्ही. त्यात तरुणांसाठी आणि अनुभवी तज्ज्ञांसाठी वेगवेगळ्या जागा निघतात. राहण्याचा भत्ता आणि विमा मिळतो, अर्जाला पैसे लागत नाहीत. मात्र यातल्या बऱ्याच जागा शहरातल्या कार्यालयांत असतात, हे लक्षात ठेवा. दुसरा मार्ग जर्मनीचा. तिथल्या 'एफएसजे' आणि 'बीएफडी' या योजनांत वृद्धाश्रम, बालवाडी, दिव्यांगांच्या संस्था अशा ठिकाणी साधारण वर्षभर काम करायचं असतं. हातखर्च आणि विमा मिळतो. 'एफएसजे'ला वय २७ च्या आत लागतं. दोन्हीसाठी जर्मन भाषा थोडीफार तरी यायला हवी. भाषेशिवाय आजीआजोबांशी बोलणार काय?

पैसे भरण्याआधी व्हिसा कोणता, हे विचारा. 'टुरिस्ट व्हिसावर चालतं' असं कुणी म्हणालं तर त्या देशाच्या वकिलातीच्या वेबसाइटवर स्वतः तपासा, कारण कित्येक देशांत टुरिस्ट व्हिसावर बिनपगारी कामही बेकायदा धरलं जातं आणि पकडले गेलात तर परत पाठवतात, एजंटला नाही. तुमची फी नेमकी कुठे जाते आणि तिथे तुमच्या जोडीला कोणता स्थानिक माणूस असेल, हेही विचारा. याचं धड उत्तर आलं नाही तर तिथेच थांबा.

अनाथाश्रमाची जाहिरात दिसली तर जास्तच सावध राहा. नेपाळ आणि कंबोडियात अशा संस्थांमध्ये ठेवलेल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील जिवंत असल्याचं वेळोवेळी समोर आलंय. परदेशी पाहुणे आणि त्यांच्या देणग्या मिळाव्यात म्हणून गरीब घरातली मुलं तिथे आणली जातात. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने २०१७ मध्ये या प्रकाराची आधुनिक गुलामगिरीच्या चौकशीत दखल घेतली. दर महिन्याला नवा ताई-दादा येतो, लळा लावतो आणि निघून जातो, त्याचा त्या मुलांच्या मनावर होणारा परिणाम वेगळाच.