वेदना आणि गुंगी : एका तराजूचा इतिहास

दुखण्याचे बारकावे मराठी भाषेला फार चांगले ठाऊक आहेत. ठणकणे, सलणे, चुरचुरणे, चमक मारणे, कळ येणे, मुंग्या येणे, बधिर होणे : यांतला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी बसवता येत नाही. जखमेला ठणका असतो. परंतु आग, चमक, मुंग्या आणि बधिरपणा ही चौघे जेव्हा एकाच तळपायात नांदू लागतात, तेव्हा दुखणे मांसाचे किंवा हाडाचे नसून मज्जातंतूंचे आहे, असे जाणता वैद्य समजून चुकतो. सुश्रुताने वातव्याधींमध्ये पाददाह व पादहर्ष हे दोन विकार वेगळे काढले, ते उगीच नव्हे. कमरेपासून टाचेपर्यंत उतरणाऱ्या कळेला प्राचीनांनी गृध्रसी म्हटले. कारण तिने पछाडलेला मनुष्य गिधाडासारखा लंगडत चालतो. नागीण बरी झाल्यावरही तिच्या वाटेवर महिनोन्महिने धुमसत राहणारी आग तर आपल्या घराघरांतून परिचित आहे.

या दुखण्याचे मर्म थोडक्यात सांगता येईल. सामान्य वेदनेत मज्जातंतू हा निरोप्या असतो. कोठे काय बिघडले याची वार्ता तो मेंदूच्या दरबारी पोहोचवितो. या वेदनेत निरोप्याच आजारी पडतो आणि न घडलेल्या घटनांचे निरोप घेऊन येऊ लागतो. म्हणून अंगदुखीच्या सामान्य गोळ्या येथे बहुधा निष्फळ ठरतात. औषधाला निरोप्याचे तोंड बंद करावे लागते, नाहीतर दरबाराचे कान. पण याच निरोप्यांच्या आणि याच दरबाराच्या बळावर आपण जागे राहतो, तोल सांभाळतो, शब्द आठवतो. आराम आणि गुंगी ही दोन्ही एकाच दारातून आत येतात. या औषधांचा सारा इतिहास म्हणजे त्या दाराशी उभे राहून केलेल्या मोजमापाचा इतिहास होय.

बंगळूरच्या जे. पी. नगरासारख्या वस्तीत हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही. बदलीच्या निमित्ताने आलेली आणि निवृत्तीनंतर येथेच स्थिरावलेली आपली मंडळी साठीच्या आसपास पोहोचतात, मधुमेह पाठीशी असतो, आणि रात्री तळपायांची आग सुरू होते. मग प्रेगाबालीन, गाबापेंटिन, ड्युलोक्सेटीन, अमिट्रिप्टिलीन ही नावे तोंडी बसतात. झोप लागते, परंतु सकाळी डोके जड असते, वजन वाढते, पावलांवर सूज दिसते, तोंडाला कोरड पडते. ज्याने आयुष्यभर टिपणीतला एक शब्दही इकडचा तिकडे होऊ दिला नाही, त्याला बैठकीत नेमका शब्द सुचेनासा होतो. आग पत्करावी की गुंगी? हा प्रश्न पुष्कळजण मनातल्या मनातच सोडवू पाहतात. तो यापूर्वी कोणी कोणी कसा सोडविला, आणि कोठे चुकला, हे पाहणे म्हणून अप्रस्तुत होणार नाही.

प्रारंभ आपल्याच मुलखातून करता येतो. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली हिंदुस्थानात आला आणि गोव्यात स्थायिक झाला. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होते, आणि अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी वैद्य म्हणून त्याचे जाणेयेणे असे. त्याचा औषधी द्रव्यांवरील संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यातील अफूवरील संवादात निजामशहाच्या एका चिटणिसाची हकीकत आहे. मूळचा खोरासानचा हा गृहस्थ रोज तीन तोळे अफू खाई. विद्वान आणि उत्तम लेखनिक असूनही तो सदैव पेंगत असे. पण कामाला लावले की शहाण्यासुरत्या माणसासारखे बोलू लागे.

ही हकीकत चार ओळींची आहे; परंतु ओर्ताची नजर किती निष्पक्ष होती ते पाहण्यासारखे आहे. अफूचा त्याने धिक्कार केला नाही की गोडवे गायिले नाहीत. पेंगणारा मनुष्य आणि कामाला लावल्यावर सुसंगत बोलणारा मनुष्य, असे एकाच व्यक्तीचे दोन्ही चेहरे त्याने शेजारी शेजारी ठेवले. तराजूची दोन्ही पारडी वाचकाच्या डोळ्यांसमोर राहतील अशी ही मांडणी आहे. पुढच्या काळात जेथे जेथे अनर्थ झाला, तेथे तेथे एक पारडे कोणीतरी पडद्याआड नेले होते, असे आढळून येईल.

पहिले उदाहरण इंजेक्शनच्या सुईचे. एडिंबरोच्या अलेक्झांडर वुड याने १८५३ साली मज्जातंतूच्या शूलाने त्रस्त झालेल्या रुग्णांच्या त्वचेखाली सुईने मॉर्फीन घालण्यास आरंभ केला. आज दवाखान्यात दिसणारी सुई वैद्यकात रुळली ती मुख्यतः या दुखण्यापायी, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. औषध पोटात गेले नाही म्हणजे अफू खाणाऱ्याची चटकही लागणार नाही, असा समज त्या काळी पसरला. आरामाचे पारडे डोळे दिपविणारे होते. सवयीचे पारडे कोणी पाहिलेच नाही. १८७० साली इंग्लंडमध्ये क्लिफर्ड ऑलबट या वैद्याने एक अप्रिय शंका जाहीरपणे मांडली : सुईवर जगणाऱ्या आपल्या रुग्णांचा शूल बरा का होत नाही? जी वेदना शमविण्यासाठी मॉर्फीन द्यावयाचे, तिलाच ते जोपासत तर नाही? ही शंका रास्त होती. दीर्घकाळ घेतलेली अफूवर्गीय औषधे कित्येकांच्या बाबतीत वेदनेची जाणीव उलट तीव्र करतात, हे आता मान्य झाले आहे.

दुसरे उदाहरण थॅलिडोमाइडचे. पश्चिम जर्मनीत १९५७ साली झोपेचे अत्यंत निर्धोक औषध म्हणून ते बाजारात आले. १९६० सालच्या अखेरीस स्कॉटलंडमधील एका वैद्याने ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात पत्र लिहून कळविले, की हे औषध काही महिने घेणाऱ्या रुग्णांच्या हातापायांना मुंग्या व बधिरपणा येत आहे. पत्राला जे महत्त्व मिळावयास हवे होते ते मिळाले नाही. पुढे गर्भवती स्त्रियांनी घेतलेल्या याच औषधाने हजारो अर्भके अपंग जन्मली, आणि १९६१ च्या नोव्हेंबरात ते जर्मनीच्या बाजारातून काढून घेण्यात आले. मज्जातंतूंनी दिलेला पहिला इशारा त्याआधी वर्षभर छापील स्वरूपात उपलब्ध होता!

परंतु कथा येथे संपत नाही. १९६४ साली जेरुसलेममध्ये याकोब शेस्किन याला दिसून आले, की कुष्ठरोगात उसळणाऱ्या एका भयंकर दाहावर हेच औषध झपाट्याने गुण देते. १८९० पासून चालत आलेले वडाळ्याचे ॲक्वर्थ रुग्णालय आणि वरोऱ्याचे आनंदवन ज्या महाराष्ट्राने पाहिले, त्याला सांगावयास नको की कुष्ठरोग हा मुळात मज्जातंतूंचा रोग आहे, आणि त्या दाहात सुजलेल्या शिरांची वेदना माणसाला वेडेपिसे करते. जे औषध मज्जातंतूंना अपाय करते, तेच येथे मज्जातंतूंचा दाह शमविते! म्हणून ते पूर्णपणे गाडून न टाकता, गर्भधारणेची शक्यता कटाक्षाने टाळून आणि कडक देखरेख ठेवून, निवडक रुग्णांना दिले गेले. विषही नीट योजले तर औषध होते आणि औषधही भलतेच योजले तर विष होते, हा चरकसंहितेचा अभिप्राय विसाव्या शतकाने फार मोठी किंमत देऊन पुन्हा शिकून घेतला.

तिसरे उदाहरण आपल्या वाचकांना विशेष जवळचे वाटेल, कारण ते शासनाचे आहे. १९८५ साली अमली पदार्थांविषयीचा कायदा झाला. हेतू निःसंशय चांगला होता. परंतु मॉर्फीन बाळगण्यासाठी रुग्णालयांना इतके परवाने, इतक्या खात्यांकडून आणि इतक्या मुदतीत मिळवावे लागू लागले, की पुढील दहा-बारा वर्षांत देशातील मॉर्फीनचा वैद्यकीय उपयोग नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. नीमच आणि गाझीपूर येथे सरकारी कारखान्यांत अफू सिद्ध होत असताना, त्याच देशातील कर्करोगी वेदनेने विव्हळत राहिला. वुडच्या वेळी धोक्याचे पारडे झाकले गेले होते. येथे वेदनेचे पारडे झाकले गेले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन परवान्यांची गुंतागुंत कमी करण्यात आली. कागदावर धोक्याला आकडे असतात आणि वेदनेला नसतात, म्हणून वेदना हिशेबातून गळते, हा धडा कोणत्याही कचेरीने लक्षात ठेवावा असा आहे.

आता आजच्या गोळ्यांकडे वळू. यांतील बहुतेक मुळात दुसऱ्याच कामासाठी जन्मल्या. १९५३ साली बाझेल येथे तयार झालेले कार्बामॅझेपीन १९६२ साली स्वीडनमधील ब्लोम याने चेहऱ्याच्या असह्य शूलावर वापरले आणि पुढे ते अपस्मारावरचे प्रमुख औषध झाले. १९६१ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले अमिट्रिप्टिलीन हे विषण्णतेवरचे; १९९३ चे गाबापेंटिन अपस्मारावरचे. म्हणून चिठ्ठीतल्या माहितीत अपस्मार किंवा मनोविकार हे शब्द वाचून घाबरण्याचे कारण नाही. मात्र गाबापेंटिनच्या बाबतीतही एक पारडे झाकलेले होतेच : ज्या विकारांसाठी मान्यता नव्हती त्यांसाठी त्याचा प्रचार केल्याचा गुन्हा त्याच्या अमेरिकन उत्पादक कंपनीने २००४ साली कबूल केला आणि त्यापायी ४३ कोटी डॉलर मोजले.

सुदैवाने आज मोजमापाची साधने अधिक प्रामाणिक झाली आहेत. २०१५ साली ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात या वेदनेवरील २२९ चाचण्यांचा एकत्र हिशेब प्रसिद्ध झाला. एका रुग्णाची वेदना निम्म्याने कमी व्हावी यासाठी किती जणांना औषध द्यावे लागते, असा तो हिशेब होता. अमिट्रिप्टिलीनच्या वर्गासाठी उत्तर आले ३.६, प्रेगाबालीनसाठी ७.७. अनिष्ट परिणामांमुळे औषध सोडावे लागले असा एक रुग्ण मात्र दोन्हींच्या बाबतीत सुमारे तेरा-चौदा जणांमागे निघाला. या आकड्यांचा अर्थ साधा आहे. एखाद्या गोळीने गुण आला नाही तर तो रुग्णाचा दोष नव्हे. आणि गुणाविना अवगुणच पदरी पडत असतील, तर ती गोळी निष्ठेने चालू ठेवण्यात काही पुण्य नाही. कार्बामॅझेपीनने ज्यांच्या अंगाची कातडी सोलून निघण्याचा धोका असतो, त्यांतील पुष्कळांच्या ठायी एक विशिष्ट आनुवंशिक खूण असते, हे २००४ साली तैवानात सिद्ध झाले. आशियाई वंशाच्या रुग्णांची आधी तशी तपासणी करावी, अशी सूचना २००७ साली अमेरिकन औषध प्रशासनाने दिली. धोका सर्वांना सारखा नसतो, एवढे तरी आपण आता जाणतो.

प्रेगाबालीन व गाबापेंटिन शरीरातून बाहेर पडतात ती जवळजवळ सर्वस्वी मूत्रपिंडांवाटे. मधुमेहाने मूत्रपिंडे मंदावली असतील, तर ठरलेली मात्राही अंगात साचते आणि गुंगी वाढते. मात्रा त्या मानाने कमी करावी लागते. मूत्रपिंडांचा विषय निघाला म्हणजे या वस्तीला ज्यांचे नाव दिले आहे, त्या जयप्रकाश नारायणांची आठवण होते. १९७५ च्या स्थानबद्धतेत त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. सुटकेनंतर मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले, आणि ८ ऑक्टोबर १९७९ रोजी देहावसान होईपर्यंत ते रक्तशुद्धीच्या यंत्राला जखडलेले होते. तो उपचार थकविणारा होता आणि त्याने रोग बरा होणार नव्हता. तथापि त्याच अवस्थेत, ६ फेब्रुवारी १९७७ रोजी, ते दिल्लीच्या रामलीला मैदानावर विराट सभेपुढे उभे राहिले. उपचाराचे मोल त्यांनी उरलेल्या दिवसांत काय करता येईल यावरून ठरविले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आमच्या मते तराजूचे खरे वजनमाप हेच आहे. वेदना दहापैकी किती, हा वैद्याचा प्रश्न आवश्यक आहे. परंतु पुरेसा नाही. रात्री किती तास झोप लागली, जिना तोल न जाता उतरता आला का, वाचलेले ध्यानात राहिले का, नातवाबरोबर चार पावले चालता आले का, हे प्रश्न ज्याचे त्यानेच विचारावयाचे आणि उत्तरे वैद्यासमोर ठेवावयाची. एकाला आग सोसवते पण धूसर डोके सोसवत नाही. दुसऱ्याला नेमके उलट. यांपैकी कोणीही चूक नाही.

परगावी नोकरी करणाऱ्यांवर याबाबत एक अधिक जबाबदारी पडते. प्रत्येक बदलीबरोबर आपली सेवापुस्तिका नव्या ठिकाणी जाते. दुखण्याची मात्र कोणतीच पुस्तिका जात नाही. नवा डॉक्टर जुन्या गोळ्यांवर नव्या गोळ्या चढवितो, आणि कोणती कशासाठी सुरू झाली होती हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून औषधाचे नाव, मात्रा, सुरू केल्याची तारीख, झालेला गुण व दिसलेला अवगुण, अशी एक वही प्रत्येकाने स्वतः ठेवावी. आणि गोळी नकोशी झाली तरी ती एका दिवसात टाकू नये. निद्रानाश, घाम, अस्वस्थता, क्वचित झटकेही अशा अविचारातून ओढवतात. कार्यभार सोडताना जसा रीतसर सोपवून सोडावा लागतो, तशी मात्राही वैद्याच्या सल्ल्याने हळूहळू उतरवावी लागते.

चार शतकांहून अधिक काळापूर्वी ओर्ताने त्या पेंगणाऱ्या चिटणिसाकडे पाहिले, ते उपहासाने नव्हे. आपणही स्वतःकडे आणि घरातल्या दुखणाईतांकडे त्याच समतोल नजरेने पाहावे. औषध घेणे हा दुबळेपणा नव्हे आणि ते नाकारणे हा पराक्रमही नव्हे. दोन्ही पारडी उजेडात ठेवून, दर काही महिन्यांनी पुन्हा वजन करून पाहणे, एवढेच माणसाच्या हाती आहे. आणि ते थोडे नाही.