मामाच्या झांजेचा तडा

बरेच दिवसांनी लिहितोय. मागच्या महिन्यात मामीच्या घरचा माळा रिकामा केला. (मावशी, "काय काय निघालं रे?" म्हणून फोनवर विचारत होतीस ना, तर घे आता सविस्तर.) मामाचा ड्रमसेट निघाला आणि सगळ्यात खाली, आजीच्या जुन्या नऊवारीत गुंडाळलेली ती झांज. मामा तिला सिंबल म्हणायचा. आजी शेवटपर्यंत झांजच म्हणत राहिली.

ही झांज मुळात सोळा इंची होती. आता टेप लावली तर जेमतेम साडेतेरा भरते, आणि तीही नीट गोल नाही. कारण ती मामाने स्वतःच्या हाताने, गिरगावातल्या चाळीच्या गॅलरीत बसून कापलेली आहे. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा होतो. गणपतीतल्या ऑर्केस्ट्राच्या धबडग्यात तिच्या कडेला तडा गेला होता. आजीचं म्हणणं सरळ होतं: "मोडीत घाल आणि दोन पातेली आण."

मामा ऐकणं शक्यच नव्हतं. १९९१ आधीचा काळ. परदेशी वाद्य मागवायचं तर परवान्यांची भानगड आणि वर जबर कर. आमच्यासारख्या घरात नवी सिंबल ही गोष्टच नव्हती. ही सुद्धा त्याने कुणा वादकाकडून जुनी घेतलेली. तळाशी पुसट शिक्का आहे, झिल्जियनचा.

आता हे झिल्जियन प्रकरण मजेशीर आहे. तुर्की भाषेत 'झिल' म्हणजे झांज, 'जी' म्हणजे ती करणारा, आणि शेवटचा 'यन' आर्मेनियन आडनावांत येतो तो. (पोवाड्यातल्या झीलकऱ्यांची सवय असलेले आपले कान 'झिल' म्हटल्यावर टवकारतातच!) इस्तंबूलमधल्या अवेदिस नावाच्या आर्मेनियन कारागिराला सुलतानाच्या दरबारातून हे नाव मिळालं आणि १६२३ मध्ये त्याने स्वतःचा कारखाना काढला. गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः लष्करी बँड. त्या तुर्की बँडची युरोपला इतकी भुरळ पडली की मोझार्टने १७८२ च्या एका ऑपेरात त्या धर्तीचं संगीत झांजांसकट घातलं. पुढे १९२९ मध्ये त्याच घराण्यातल्या, अमेरिकेत मिठाईचा धंदा करणाऱ्या तिसऱ्या अवेदिसने बोस्टनजवळ क्विन्सीला झांजांचा कारखाना सुरू केला.

तिथे त्याला भेटले जॅझवाले. जीन क्रूपासारख्या ड्रमरांना लष्करी बँडच्या जाडजूड झांजा नको होत्या. काठी लागताक्षणी बोलणारी, हलकी, पातळ झांज हवी होती. अवेदिसने पत्रा पातळ करत नेला आणि क्रॅश, स्प्लॅश अशी नावं रूढ झाली. नंतर रॉकवाले आले. पातळ झांजेवर ते जाड काठीने, जीव खाऊन मारू लागले. तडे जाणारच!

शिवाय धातूच तसा. चांगल्या सिंबलचं कासं म्हणजे साधारण ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील. कथील इतकं घातलं की नाद सुरेख येतो, पण धातू ठिसूळ होतो. लाल होईतो तापवून एकदम पाण्यात बुडवलं तर तो नरम पडतो आणि ठोकता येतो. पोलादाच्या अगदी उलट. म्हणूनच कापताना झांज तापू द्यायची नसते. ग्राइंडरने भसाभस कापली आणि कड निळी-काळी पडली, की आवाज गेलाच म्हणून समजा.

मामाने आधी तड्याच्या टोकाला एक बारीक भोक पाडलं होतं. मला तेव्हा वाटलं, फाटलेल्या कपड्याला आणखी भोक पाडून काय होणार? पुढे इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा कळलं. तड्याचं टोक सुईसारखं असतं आणि सगळा ताण तिथे एकवटतो. भोक पाडलं की टोक बोथट होतं. केंब्रिजच्या चार्ल्स इंग्लिस नावाच्या प्राध्यापकाने १९१३ मध्ये याचं गणित मांडलं, झांजांसाठी नव्हे तर जहाजांच्या पत्र्यांसाठी. ओढल्या जाणाऱ्या पत्र्यात गोल भोकाच्या कडेशी ताण तिप्पट होतो, आणि अणकुचीदार तड्याच्या टोकाशी त्याच्या कितीतरी पट. मामा अकरावी मॅट्रिक, त्याने इंग्लिसचं नावही ऐकलं नसणार. भोक मात्र बरोबर जागी होतं.

ते एक हंगाम टिकलं. मग तडा शेजारून निघाला आणि मामाने कात्री आणली. खिळा, सुतळी आणि पेन्सिल घेऊन वर्तुळ आखलं, पत्रेवाल्याची कात्री घेऊन थोडं थोडं कापत गेला. दोन दिवस कानस चालली होती. अख्खी चाळ येऊन सल्ले देऊन गेली. झांज कडेकडे पातळ होत जाते. ती पातळ कड गेली की उरतो तो जाड भाग. त्यामुळे मामाची झांज लहान तर झालीच, पण आवाजही चढा आणि आखूड झाला. 'छस्स' करून लगेच गप्प! कापलेले तुकडे आजीने मोडीत घातले आणि एक वाटी आणली.

जगभरचे ड्रमर हेच करत आले आहेत. कुणी तड्यापुरती चंद्रकोर कापतो, कुणी भोकं पाडून सैल रिव्हेट घालतो म्हणजे ती सळसळते, कुणी दोन फुटक्या एकमेकींवर ठेवून मुद्दाम खरखर काढतो. किंग क्रिम्झनच्या १९७४ च्या 'रेड' अल्बममध्ये 'वन मोअर रेड नाइटमेअर' गाण्यात एक पत्र्यासारखी झणझणणारी झांज आहे. बिल ब्रुफर्डला ती कचऱ्याच्या डब्यात सापडली होती, वाकडी झालेली. आता तर कंपन्याच भोकं पाडलेल्या नव्याकोऱ्या सिंबल विकतात. सेबियनची ओझोन, झिल्जियनची ईएफएक्स. मुलाने किमती दाखवल्या तेव्हा मामाचा चेहरा डोळ्यांसमोर आला.

तर आताचा पेच. झांजेला पुन्हा तडा आहे, कडेपासून आत दीड इंच. मुलगा ड्रम शिकतोय, त्याला ती कापून दहा इंची स्प्लॅश करायची आहे. हिशोब बरोबर आहे त्याचा. पण मग मामाची ती वेडीवाकडी कड जाणार, कानशीचे ओरखडे जाणार. मी म्हटलं, भोक पाडून ठेवू या, भिंतीवर लावू. त्यावर मुलगा काही बोलला नाही, नुसता बघत राहिला. ते जास्त लागलं.

शेवटी मामीला विचारलं. तिने झांज मांडीवर घेतली, चमच्याने एकदा वाजवली. तडा बोलला, फुटक्या कपासारखा. "ह्यांनी कापली तेव्हा माझं नवीन लग्न झालेलं," ती म्हणाली. "मी कड धरून बसले होते, हलू नये म्हणून. दोन्ही दिवस."

हे मला आठवतच नव्हतं. मी फक्त मामा पाहिला होता.

"काप म्हणावं त्याला. मी धरते. पण ह्या वेळी तुकडे मोडीत द्यायचे नाहीत."

रविवारी पत्र्याची कात्री आणायला जायचंय. असो.